‘मजा आली’ असं चुकूनही म्हणू नका

रोलर कोस्टरमधून उतरल्यावर आजवर तुम्ही काय म्हणत आलात? ‘बाप रे!’ किंवा ‘मजा आली!’ किंवा, पोट ढवळत असेल तर, ‘कानाला खडा, पुन्हा नाही.’ झालं तेवढं पुष्कळ झालं. कोस्टरच्या हौशी मंडळींत ऊठबस व्हावी असं वाटत असेल, तर ही तिन्ही वाक्यं आजपासून बंद. ती जीपीची भाषा आहे. जीपी म्हणजे जनरल पब्लिक, म्हणजेच कालपर्यंतचे तुम्ही. जीपी पार्कात मजा करायला येतात. हौशी माणूस मत बनवायला येतो. बाकीचे शब्द आज ना उद्या पाठ होतीलच, पण ‘जीपी’ म्हणताना आवाजात जी किंचित कीव यायला हवी, तिचा सराव आतापासूनच सुरू करा.

सुरुवात एअरटाइमपासून. गाडी टेकाडाच्या माथ्यावरून खाली वळते, पण तुमचं शरीर आपल्याच नादात वर निघालेलं असतं. रूळ खाली जातो, गाडी रुळाबरोबर जाते आणि बूड सीटवरून सुटतं. जीपी याला ‘पोटात गोळा आला’ म्हणतात आणि मोकळे होतात. तुम्ही मोकळं व्हायचं नाही. कपाळाला आठी घालून विचारायचं, ‘फ्लोटर होता की इजेक्टर?’ फ्लोटरमध्ये गाडी तुम्हाला अलगद तरंगू देते. इजेक्टरमध्ये ती सरळ भिरकावून द्यायला बघते आणि मांड्यांवरचा लॅपबार तेवढा आड येतो. हा फरक मांड्यांना दुसऱ्या दिवशीही कळत असतो, त्यासाठी चर्चेची गरज नाही; म्हणूनच चर्चा तासन्‌तास चालते. न्यू जर्सीतल्या एल तोरो या कोस्टरचं नाव निघालं की डोळे मिटून ‘इजेक्टर’ म्हणा, चुकणार नाही. ओहायोतल्या सीडर पॉइंट पार्कने २०१८ साली स्टील व्हेंजन्स उघडलं, तेव्हा एका फेरीत २७.२ सेकंद एअरटाइम मिळतो असं जाहीर केलं. यातलं दशांश चिन्ह जिवापाड जपा. ‘जवळजवळ अर्धा मिनिट’ म्हणणारा परका, ‘सत्तावीस पॉइंट दोन’ म्हणणारा घरचा.

उंचीच्या बाबतीत ‘उंच’ हा शब्द वापरायचा नाही. २०० फुटांपुढे हायपर, ३०० पुढे गिगा, ४०० पुढे स्ट्राटा. कानाला भौतिकशास्त्र वाटतं, पण त्यामागे पार्कांची आणि बांधणाऱ्या कंपन्यांची जाहिरात आहे. सीडर पॉइंटचं मॅग्नम १९८९ साली २०५ फुटांवर गेलं, त्याच पार्कात २००० साली मिलेनियम फोर्स ३१० वर आणि २००३ साली टॉप थ्रिल ड्रॅगस्टर ४२० वर. शंभराचा आकडा ओलांडला की नवं नाव, असा शिरस्ताच पडला. पुढे ५०० फुटांसाठी मंडळींनी ‘टेरा’ ठरवून ठेवलं, तर सौदी अरेबियातलं फाल्कन्स फ्लाइट थेट ६०० च्याही वर निघून गेलं. मग त्याला ‘एक्सा’ म्हणायचं ठरलं आणि टेराचं नाव तयार पण बाळाचा पत्ता नाही अशी गत झाली. इथला एक वाद तोंडपाठ असू द्या. १९० फुटांचं कोस्टर जमिनीखालच्या बोगद्यात घुसून २०० फूट उतरलं, तर ते हायपर की नाही? उत्तर तुम्हाला माहीत असण्याची गरज नाही. प्रश्न टाका आणि पाणी प्यायला निघून जा. परत याल तेव्हा दोन जण एकमेकांशी बोलायचे थांबलेले असतील.

आता उलटं होणं. जीपीच्या लेखी डोकं खाली पाय वर झाले की लूप. तुम्हाला मात्र आठ-दहा नावं लागतील. अर्धा लूप घेऊन वर गेल्यावर कूस बदलली की इमेलमान; हे नाव पहिल्या महायुद्धातल्या मॅक्स इमेलमान या जर्मन वैमानिकावरून पडलं. तेच उलट्या क्रमाने केलं की डाइव्ह लूप. फणा काढलेल्या नागासारखा दिसतो तो कोब्रा रोल. तो दिसतो एक, पण त्यात माणूस दोनदा उलटा होतो. हा हिशेब महत्त्वाचा आहे, कारण इंग्लंडातल्या ऑल्टन टॉवर्सच्या स्मायलरमध्ये (२०१३) माणूस १४ वेळा उलटा होतो आणि ते चौदा कुठले, असं तुम्हाला कुणीतरी विचारणार आहे. बसल्या जागी यातलं काहीही ओळखू येत नाही. दीड सेकंदापुरते बूट आणि आकाश जागा बदलतात, एवढंच दिसतं. तेव्हा कुंपणाबाहेर उभं राहून, मान वर करून, नावं घोका. गाडीत बसलात की फक्त हजेरी घ्यायची.

आणि लूप गोल असतो असं कुणाच्याही देखत बोलू नका. हे एक वाक्य सगळं पितळ उघडं पाडतं. लूप असतो पाण्याच्या थेंबासारखा, वर निमुळता. शब्द आहे क्लोथॉइड. यात खरोखर शहाणपण आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. गाडी लूपमध्ये शिरते तेव्हा तिचा वेग सर्वांत जास्त असतो. तिथेच वळण आवळलं तर माणसाचं वजन क्षणात कित्येक पट होतं आणि मान त्याचा हिशेब चुकता करते. १८९५ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर फ्लिप फ्लॅप नावाचा खरोखरचा गोल लूप होता आणि तो माना दुखावण्यासाठीच प्रसिद्ध झाला. थेंबाच्या आकारात खाली वळण सैल राहतं आणि वर, जिथे गाडी मंदावलेली असते, तिथे ते आवळतं. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटनमध्ये रिव्होल्यूशन उभं राहिलं ते याच आकारावर. बांधलं अँटोन श्वार्झकॉफ यांनी, गणित वर्नर स्टेंगेल यांचं. स्टेंगेल हे नाव उच्चारताना अर्धा सेकंद थांबायची पद्धत आहे. त्यांच्या नावाचं एक वळणही आहे, स्टेंगेल डाइव्ह, पण ते दुसऱ्या भेटीसाठी राखून ठेवा. पहिल्याच भेटीत सगळं बाहेर काढलं तर नवशिके वाटाल.

गाण्यात जशी घराणी, तशा इथे कंपन्या. कोस्टर आवडलं की नाही हे उतरल्यावर ठरवायचं नसतं. ते कुणी बांधलं हे कळलं की आपोआप ठरतं. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबियार्डचं असेल तर, म्हणजे बी अँड एम, ‘स्मूद आहे, पण...’ एवढं म्हणून वाक्य अर्धवट सोडा. त्या ‘पण’मध्ये ‘फोर्सलेस’, म्हणजे अंगाला जोर जाणवतच नाही, हा आरोप दडलेला असतो आणि तो स्पष्ट बोलून दाखवणं ग्राम्य समजलं जातं. त्यांच्या रुळाचा पोकळ चौकोनी कणा धावत्या गाडीखाली गरजतो, त्याला ‘रोअर’ म्हणतात; काही ठिकाणी शेजाऱ्यांच्या झोपेखातर त्या कण्यात वाळू भरलेली असते. गाडी दुरून जाताना डोळे न उघडता ‘बी अँड एम, वाळूवालं’ असं पुटपुटता आलं तर तुम्ही जिंकलात. इंटामिनचं असेल तर ‘चाललं तर जगात भारी’. यातलं ‘चाललं तर’ सोडू नका. वेकोमाच्या बाबतीत जुनी वेकोमा आणि नवी वेकोमा असा भेद करायचा, जुनीला नाक मुरडायचं आणि डोकं आपटल्यासारखी कानामागची जागा हळूच चोळायची. आयडाहोची आरएमसी, म्हणजे रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन, जुन्या लाकडी सांगाड्यांवर पोलादी रूळ चढवून त्यांना नवा जन्म देते. तिच्याबद्दल काहीही बोलायचं नसतं, नुसते हात जोडायचे.

इथवर सगळं ज्ञान झालं. प्रतिष्ठा मात्र क्रेडिटवर चालते.

एका कोस्टरमध्ये आयुष्यात पहिल्यांदा बसलात की एक क्रेडिट. त्याच कोस्टरमध्ये शंभर वेळा बसलात तरी एकच. म्हणजे जे आवडलं त्यात पुन्हा बसणं हा वेळेचा अपव्यय आणि जे आवडणार नाही हे ठाऊक आहे त्यात बसणं ही प्रगती. या तर्कशास्त्रातून किडी क्रेडिट जन्माला येतं. तुम्ही ते पाहिलं असेल: सुरवंटाच्या आकाराची गाडी, मध्ये एक मोठं लाकडी सफरचंद, त्याच्या भोकातून सुरवंट आत जातो आणि बाहेर येतो. सगळे डबे चिल्ल्यापिल्ल्यांनी भरलेले. शेवटच्या डब्यात चाळिशीचे एक गृहस्थ, गुडघे हनुवटीला टेकलेले, पाठीवरची सॅक पोटाशी, चेहरा गंभीर. कुंपणापलीकडून आया आपापल्या मुलांना हात हलवून दाखवताहेत. पुढचं पोर मागे वळून त्यांच्याकडे बघून खिदळतं. ते हसत नाहीत, कारण ते कामावर आहेत. शिंगं मोडून वासरांत शिरणं म्हणतात ते हेच, फक्त इथे त्याची नोंद ठेवली जाते. काही ठिकाणी सोबत मूल असल्याखेरीज मोठ्यांना बसू देत नाहीत. अशा पार्कांत भाचे-पुतणे असलेल्या माणसाचा भाव अचानक वधारतो.

मोजणी मात्र दिसते तितकी सोपी नाही. शेजारी शेजारी धावणारे दोन रूळ म्हणजे एक क्रेडिट की दोन? एका पार्कातून उचलून दुसऱ्या देशात नेऊन उभं केलेलं कोस्टर पुन्हा मोजायचं का? डोंगरउतारावरची, स्वतःच्या हाताने ब्रेक लावायची घसरगाडी धरायची की सोडायची? मोटरवर चालणारी धरायची का? यावर घरं फुटतील एवढे मतभेद आहेत. १९९६ पासून जगभरच्या कोस्टरांची एक मोठी ऑनलाइन सूची चालते, आरसीडीबी; वाद हाताबाहेर गेला की तिच्याकडे बोट दाखवायचं. ती आपल्या बाजूने नसेल तर म्हणायचं, ‘माझ्या मोजणीचे नियम कडक आहेत.’ आकडा मोठा असेल तर सांगताना ‘फक्त’ लावा. लहान असेल तर सांगूच नका, ‘मी हल्ली मोजत नाही’ म्हणा. यापेक्षा वजनदार वाक्य या क्षेत्रात नाही.

फलाटावरही शब्दांची कमतरता नाही. कर्मचाऱ्याने लॅपबार मांडीवर गच्च दाबला की तुम्ही ‘स्टेपल’ झालात. फेरी कशीही जावो, दोष त्याच्या माथी. टेकाडावर गाडीचा वेग मारणारे ब्रेक म्हणजे ट्रिम. ‘ट्रिम नसती तर...’ हे वाक्य कुठल्याही कोस्टरला लागू पडतं, त्यामुळे त्यात बसलेलं असण्याचीही आवश्यकता नाही. चढावर जी कटकट-कटकट ऐकू येते ती जीपीला साखळीची वाटते. तुम्ही सांगायचं, की गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या खिट्ट्यांचा, अँटी-रोलबॅक डॉग्जचा तो आवाज. हे शेजारी बसलेल्या घाबरलेल्या माणसाला अगदी माथ्यावर पोहोचताना सांगावं. त्याच्या चेहऱ्यावरची कृतज्ञता बघण्यासारखी असते. ‘गाडी रुळावरून सुटणार नाही ना?’ असं त्याने विचारलं तर रुळाच्या खालून पकडणारी चाकं असतात आणि जॉन मिलर यांनी १९१९ साली त्यांचं पेटंट घेतलं, हे ऐकवायचं. त्याला नुसतं ‘नाही’ एवढंच हवं होतं, ही गोष्ट वेगळी.

गाडी मधेच थांबली तर घाबरायचं नाही, ‘ब्लॉक क्लिअर नाही’ म्हणायचं. रुळाचे टप्पे पाडलेले असतात, एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी, पुढचा टप्पा मोकळा होईस्तोवर मागची अडवतात. अगदी साधी, भक्कम व्यवस्था. लाँचवर, म्हणजे साखळीऐवजी एका झटक्यात वेग देऊन, सुटलेली गाडी माथा न गाठताच मागे घसरत परत आली तर तो रोलबॅक. जीपी अशा वेळी देवाचं नाव घेतात. आपली मंडळी टाळ्या वाजवतात, ज्याच्या नशिबात तो आला त्याचा हेवा करतात आणि त्याचं वर्णन पुढची कित्येक वर्षं ऐकून घेतात.

एक धोका तेवढा सांभाळा: पहिल्या उतारावर लावलेला कॅमेरा. बाहेर पडताना खिडकीत फोटो लागतात. त्यात पुढच्या रांगेत बसलेला अनुभवी माणूस, ज्याला फ्लोटरचा आणि इजेक्टरचा फरक झोपेतही सांगता येतो, त्याचं तोंड शेजारच्या शाळकरी मुलाइतकंच वासलेलं असतं आणि डोळे तेवढेच चमकत असतात. म्हणून जाणते लोक त्या खिडकीपाशी रेंगाळत नाहीत. ‘फोटो महाग असतात’ म्हणतात आणि भराभर पुढे होतात. तुम्हीही व्हा.

शेवटची पायरी सर्वांत सोपी आणि सर्वांत सुरक्षित. सगळ्यांत जास्त कौतुक पाडून टाकलेल्या कोस्टरचं करायचं. पडताळा घेणार कोण? न्यू जर्सीतलं ४५६ फुटांचं किंगडा का २०२४ साली बंद पडलं आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सुरुंग लावून पाडलं, त्या दिवसापासून त्याचा दर्जा वाढतोच आहे. उभं असताना हीच मंडळी त्याला ‘एका टेकाडाचं कोस्टर’ म्हणत होती. पण खरा मान हवा असेल तर आणखी मागे जा. कॅनडातल्या क्रिस्टल बीचचं सायक्लोन, १९२७ ते १९४६. उतरणाऱ्यांसाठी फलाटावर नर्स ठेवलेली असायची म्हणतात. त्याचं नाव काढा, लांब नजर लावा आणि म्हणा, ‘ते फोर्सेस आता कुठे!’ समोरचा मान डोलावेल आणि त्या पहिल्या उतारानंतरचं वळण कसं होतं ते सांगायला लागेल. त्याचा जन्म १९९८ चा असला तरी त्याला मधेच तोडू नका. त्याने तुम्हाला तोडलं नव्हतं.