मुलांच्या डिप्रेशनच्या गोळ्या आणि तो फॉरवर्ड

पालकांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेनं २००४ सालीच मुलांना डिप्रेशनच्या गोळ्या द्यायला बंदी केली, या गोळ्यांनी मुलं हिंसक होतात, आत्महत्या करतात, कंपन्यांनी हे दडवलं, एकदा गोळी लागली की जन्मभर सुटत नाही, म्हणून आजच बंद करा आणि ध्यान, अश्वगंधा सुरू करा. मी औषधाच्या दुकानात बसतो. हा मेसेज दाखवून ‘उरलेल्या स्ट्रिपा परत घ्याल का?’ असं विचारणारे आईवडील काउंटरवर येतात. मेसेज धडधडीत खोटा असता तर उत्तर सोपं होतं. पण त्यात खरंही बरंच आहे.

‘अमेरिकेनं बंदी केली.’ नाही केली. ऑक्टोबर २००४ मध्ये तिथल्या एफडीएनं, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेनं, या औषधांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. आधार होता २४ चाचण्यांचा, त्यात ४,४०० हून जास्त मुलं होती. गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ४ टक्के मुलांत आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं दिसलं, खोटी (म्हणजे औषधच नसलेली) गोळी घेणाऱ्यांत २ टक्के. या चाचण्यांत एकाही मुलानं आत्महत्या केली नाही. दुप्पट हा आकडा हलका घेण्यासारखा नाहीच, आणि चाचण्या काही आठवड्यांच्याच होत्या हेही लक्षात घ्यावं. २००७ मध्ये हा इशारा २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू झाला. पण त्याच एफडीएची फ्लुओक्सेटिन या गोळीला ८ वर्षांपासून आणि एसिटालोप्रामला १२ वर्षांपासून डिप्रेशनसाठी मान्यता आहे. बंदी असती तर ही मान्यता कुठून आली असती?

‘गोळीनं मूल बदलतं.’ इथे मेसेजवाल्याला मी खोटं पाडणार नाही. काही मुलांत पहिल्या काही आठवड्यांत किंवा डोस वाढवल्यावर एक वेगळीच अस्वस्थता येते. मूल जेवायला बसतं आणि दोन घासांत उठतं. पाय सतत हलतात, खोलीत येरझाऱ्या चालतात, ‘आतून कसंतरी होतंय’ एवढंच सांगता येतं. झोप उडते. एरवी गप्प असणारी मुलगी धाकट्या भावावर वस्तू फेकते. याला डॉक्टर ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ म्हणतात, आणि बसवेनासं होण्याला ‘अकॅथिसिया’. किशोरांपेक्षा लहान मुलांत हे जास्त दिसतं. क्वचित दुसराच प्रकार होतो: दोन-तीन तास झोपूनही पोरगं टवटवीत, बोलणं थांबत नाही, मोठमोठे बेत. ही मॅनियाची, म्हणजे डिप्रेशनच्या उलट टोकाच्या अति-उत्साही अवस्थेची सुरुवात असू शकते, आणि मग सगळं निदानच नव्यानं तपासावं लागतं.

घोळ असा की घरच्यांना हे ‘आजार वाढला’ असं वाटतं, किंवा ‘वयच तसं आहे’. डोस कमी केल्यावर किंवा औषध बदलल्यावर हे बहुधा ओसरतं, पण त्यासाठी कुणीतरी डॉक्टरांना वेळेत कळवायला हवं. मरणाची भाषा आली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी गाठायचं आणि मुलाला एकटं ठेवायचं नाही. फोनवर बोलायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे.

‘कंपन्यांनी दडवलं.’ खरं आहे, पॅरोक्सेटिन या डिप्रेशनच्या गोळीच्या बाबतीत तर शंभर टक्के. ‘स्टडी ३२९’ या नावानं ओळखली जाणारी २७५ किशोरांवरची या गोळीची चाचणी २००१ मध्ये छापून आली, निष्कर्ष: औषध गुणकारी आणि सोसवणारं. आत्महत्येशी जोडलेल्या घटना त्यात ‘भावनिक अस्थिरता’ या गोंडस नावाखाली गेल्या होत्या. २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी कंपनीचीच कागदपत्रं तपासून तोच डेटा पुन्हा मांडला: किशोरांना उपयोग नाही, अपाय मात्र आहे. त्याआधी २०१२ मध्ये ही गोळी बनवणाऱ्या ग्लॅक्सोस्मिथक्लाइननं अमेरिकी सरकारशी ३ अब्ज डॉलरची तडजोड केली होती, त्यातल्या आरोपांत हे औषध अठराच्या आतल्यांसाठी खपवणंही होतं. पण एक वाण खोटं निघालं म्हणून सगळं दुकान पेटवायचं का? ब्रिटननं २००३ मध्ये याच गटातली बहुतेक औषधं अठराखालच्यांना डिप्रेशनसाठी नको म्हटली तेव्हाही फ्लुओक्सेटिन वगळलं. २०१६ मध्ये ३४ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, त्यातही मुलांच्या डिप्रेशनमध्ये खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं ते एकटं फ्लुओक्सेटिन. म्हणजे विचारायचं ते ‘कोणती गोळी, कशासाठी’.

‘जन्मभर सुटत नाही.’ सुटते. दारू-तंबाखूसारखी तलफ लागत नाही.

आता ‘आजच बंद करा’. मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. पॅरोक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिनसारखं औषध एकदम तोडलं तर चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचे झटके, चिडचिड, रडू. आई म्हणते, ‘बघा, गोळीनं काय करून ठेवलं!’ आणि झालेलं असतं ते गोळी तोडल्यामुळे. फ्लुओक्सेटिन शरीरात बराच काळ टिकतं, त्याचा त्रास कमी. तरी डोस उतरवायचा तो डॉक्टरांच्या सांगण्यावरून, पायरीपायरीनं.

ध्यानाला माझा विरोध नाही. डिप्रेशन सौम्य असेल तर आधी समुपदेशनच करावं, हे डॉक्टरही सांगतात. मध्यम-तीव्र डिप्रेशनचं चित्र वेगळं. २००४ च्या एका अमेरिकी चाचणीत ४३९ किशोर होते. १२ आठवड्यांनंतर फ्लुओक्सेटिन आणि सीबीटी (विचार-वागणुकीवर काम करणारं समुपदेशन) दोन्ही घेणाऱ्यांत ७१ टक्के सुधारले, नुसत्या गोळीनं ६१, नुसत्या सीबीटीनं ४३, खोट्या गोळीनं ३५. ३६ आठवड्यांपर्यंत सीबीटीनं गोळीला गाठलं, पण मधले महिने काढायचे कसे? अश्वगंधा द्यायचीच असेल तर तेही डॉक्टरांना सांगून.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. चौदा वर्षांच्या पोराची पहिलीच चिठ्ठी, त्यावर तीस गोळ्या आणि ‘एक महिन्यानं दाखवा’. नेमके धोक्याचे आठवडे त्यातच जातात. मी पालकांना सांगतो, आधी थोड्याच गोळ्या न्या, कपाटाला कुलूप लावा, आणि दहा दिवसांत पुन्हा भेटता येईल का ते आजच डॉक्टरांना विचारून घ्या.