न्याहारीचा तास

डॉक्टर एवढंच म्हणाले, "सर, सकाळचा नाश्ता नीट करत जा, म्हणजे अकरा वाजता हातपाय गळाठणार नाहीत." नीट म्हणजे काय, हे विचारायच्या आत त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. मग ते ठरवायचं काम घरावर आलं. घरात माय, बायको आणि लेक अशा तिघी सल्लागार आणि खाणारा मी एकटा.

लेक अमरावतीला गृहविज्ञान शिकते. सुट्टीत येताना ती ओट्सचं पाकीट घेऊन आली. यात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो, तो पोटात चिकट होतो, म्हणून साखर रक्तात सावकाश उतरते आणि भूक लांबते, असं तिनं समजावलं. चिकट होतो हे मला लगेच पटलं. वाटीत चमचा उभा राहिला होता. माय खाटेवरून बघत होती.

"काय व्हय थे? असं तं आपून वगारीले कालवून देतो." मग माझ्याकडं पाहून, "वगार पुढं दूध तरी देईन."

पाकीट डब्यामागं गेलं.

राहिले स्टँडवरचे तर्री-पोहे. आमच्याकडं माणूस एसटी चुकवेल, पण पोहे चुकवणार नाही. पातेल्यात वर बोटभर लाल तेल, तळाशी हरभरे. हॉटेलवाला कडची अशी तिरपी धरतो की प्लेटीत फक्त तेल उतरावं. खरा माल खाली आहे. पोहे म्हणजे शेवटी चपटा केलेला तांदूळ, नुसते खाल्ले तर पहिल्या तासालाच दगा देतात. कोरड्या हरभऱ्यात मात्र शंभर ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणून मी म्हणतो, "भाऊ, कडची बुडापर्यंत जाऊ दे." तो म्हणतो, "सर, हरभरे पाह्यजे असन तं उसळ घ्या ना, तिचे पैसे अलग."

लेकीनं तिथंही नियम घातलाय. पोह्यांवर लिंबू पिळायचं, त्यानं लोह अंगी लागतं. आणि त्यावर लगेच चहा घ्यायचा नाही, कारण चहा तेच लोह अडवतो. हे मी हॉटेलवाल्याला सांगितलं, तर तो कपबशी पुसत म्हणाला, "पोह्यावर चाय नाई, तं लोक हाटेलात येतीन कायले?"

मायचा उपाय एकच, ज्वारीच्या कण्या. जाडसर भरडलेली ज्वारी रात्री शिजवून ठेवायची, सकाळी ताक घालून खायची. नाहीतर भाकरीसोबत जवसाची चटणी. बाप्पा, हे खाऊन माणूस दुपारपर्यंत हलत नाही! पण ज्वारी आणायची कुठून? शिवारभर सोयाबीन आणि कपाशी. कोणी हौसेनं चार ओळी ज्वारीच्या टाकल्याच, तर दिवसा पाखरं आणि रात्री रानडुकरं न्याहारी उरकून जातात. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हा शाळेत मी ज्वारीचं चित्र काढायला सांगितलं. अर्ध्या पोरांनी मक्याचं कणीस काढलं. त्यांनी तरी पाहिलं तेच काढलं ना!

बायकोला यातलं कोणतंच मत नाही, कारण करायचं तिला असतं. तिचा नियम साधा: "काय खायचं ते रात्री जेवतानाच सांगत जा. हरभरे भिजत घालाचे म्हणून मले सपन नाई पडत." मी सांगायला विसरतो. मग सकाळी रव्याचा सांजा होतो, वर गोड चहा. लागतो झकास, पण परिपाठ संपेपर्यंत कुठं जातो कळत नाही. पोरं 'सुविचार' म्हणत असतात आणि माझं पोट त्यांच्यात सूर मिसळतं.

त्यातच शेडमधून पोषण आहाराच्या खिचडीची फोडणी येते. मुलांना वाढायच्या आधी शिक्षकानं चव घेऊन नोंदवहीत लिहायचं, असा नियम आहे. पूर्वी ही सही मी दुसऱ्या सरांवर ढकलायचो. हल्ली वही माझ्याच टेबलावर असते.

परवा मावशींनी झाकण काढता काढता विचारलं, "सर, चव घ्याले चमचा आनू का ताट?"

म्हटलं, "ताटच आना मावशी. चमच्यानं मिठाचा अंदाज येत नाही."