नुसत्या 22-0-1 वरून संघ मोजता येत नाही

अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांच्या पुरुष फुटबॉलबद्दल (तिकडे ज्याला सॉकर म्हणतात) एक दावा हंगाम संपला की दर डिसेंबरात नव्याने फिरू लागतो. थोडक्यात तो असा. डिव्हिजन थ्रीमध्ये कोणता संघ सरस हे ठरवायला विजय-पराभवाचा तक्ता पुरेसा आहे. 2022 मध्ये शिकागो विद्यापीठाचा संघ 22 विजय, 0 पराभव आणि 1 बरोबरी अशा कामगिरीवर राष्ट्रीय विजेता झाला, म्हणून तो आजवरचा सर्वोत्तम. उलट न्यू इंग्लंडची नेस्कॅक ही लीग विनाकारण डोक्यावर घेतलेली आहे. तिथले संघ बरोबऱ्या करत बसतात, सामने कमी खेळतात, पैशाच्या जोरावर खेळाडू आणतात आणि बाहेरच्यांशी गाठ पडली की हरतात. 2022 च्या अंतिम सामन्यात विल्यम्स शिकागोकडून हरलं, 2023 मध्ये अ‍ॅमहर्स्ट सेंट ओलाफकडून. आणि एवढ्यावरही कोणी हटला नाही, तर मसाया विद्यापीठाची 11 विजेतेपदं पुढे करायची आणि विषय संपवायचा.

यातले बरेचसे आकडे खरे आहेत, म्हणूनच हा दावा लोकांना पटतो. गफलत आहे ती त्या आकड्यांवरून काढलेल्या निष्कर्षात. हा फुटबॉल मला मनापासून आवडतो. शिकागोचा तो संघ आवडतो आणि नेस्कॅकचे संघही आवडतात. या हिशेबात दोघांवरही अन्याय होतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ज्यांना ही स्पर्धा माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना. तिच्या या तिसऱ्या विभागात, म्हणजे डिव्हिजन थ्रीमध्ये, चारशेहून अधिक कॉलेजांचे पुरुष संघ खेळतात. सगळे सगळ्यांशी खेळणं शक्यच नाही. संघ आपापल्या लीगमध्ये आणि आसपासच्या कॉलेजांशी खेळतात. नोव्हेंबरात 64 संघांची बाद फेरी सुरू होते आणि जेतेपदासाठी तिथे सहा फेऱ्या पार कराव्या लागतात. बहुतेक जागा लीगच्या विजेत्यांना जातात, उरलेल्या थोड्या जागा हंगामभराच्या कामगिरीवर मिळतात.

आता पहिला आणि सगळ्यात मोठा मुद्दा, म्हणजे तक्ता सगळं सांगतो हा. एकच संघ डोळ्यांसमोर ठेवा. त्याला 17 सामन्यांचं सोपं वेळापत्रक मिळालं आणि प्रत्येक सामना न हरण्याची त्याची शक्यता 95 टक्के धरली, तर पूर्ण साखळी अपराजित राहण्याची शक्यता जवळजवळ 42 टक्के येते. त्याच संघाला, त्याच खेळाडूंना, तगड्या प्रतिस्पर्ध्यांमध्ये टाका आणि न हरण्याची शक्यता 75 टक्के धरा. आता 17 सामने अपराजित राहण्याची शक्यता एक टक्क्याच्याही खाली जाते, हजार हंगामांत सात-आठ वेळा. संघ तोच, पाय तेच, प्रशिक्षक तोच. एका तक्त्यात तो अजिंक्य दिसेल, दुसऱ्यात चार पराभव घेतलेला. म्हणून "किती हरला" याच्या आधी "कोणाशी खेळला" हे विचारावं लागतं.

क्रिकेटमध्ये हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. 2018-19 च्या रणजी हंगामात बिहारच्या आशुतोष अमनने 68 बळी घेतले आणि बिशनसिंग बेदींचा 1974-75 चा 64 बळींचा विक्रम मोडला. विक्रम खरा, मेहनत खरी, कौतुकही झालं. पण ते बळी प्लेट गटात, म्हणजे नवख्या संघांच्या गटात घेतलेले आहेत, हे त्याच दमात सगळ्यांनी लक्षात ठेवलं. कॉलेज फुटबॉलचा तक्ता वाचताना मात्र हीच सवय आपण दाराबाहेर काढून ठेवतो.

आणि गंमत म्हणजे यात शिकागोचंच नुकसान होतं. शिकागो ज्या लीगमध्ये खेळतं तिथे एमरी, वॉशिंग्टन विद्यापीठ (सेंट लुईस), न्यूयॉर्क विद्यापीठ, कार्नेगी मेलन, केस वेस्टर्न, रॉचेस्टर आणि ब्रँडाइस आहेत. अटलांटापासून बॉस्टनपर्यंत पसरलेली ही लीग. सात सामने, प्रत्येकाशी एकदाच. शेवटी लीगची वेगळी बाद फेरीही नाही, त्यामुळे एखादा सामना घसरला तर तो भरून काढायला जागा नाही. अशा ठिकाणाहून न हरता बाहेर पडणं आणि मग नोव्हेंबर-डिसेंबरात विजेतेपदापर्यंत पोचणं, हे त्या संघाचं खरं मोठेपण. ज्युलिअ‍ॅन सिच यांचं मुख्य प्रशिक्षक म्हणून ते तिथलं पहिलंच वर्ष होतं, आणि एनसीएएमध्ये पुरुषांच्या फुटबॉल संघाला विजेतेपद मिळवून देणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. दुबळ्या लीगमध्ये 20-0-0 करून आलेल्या आणि पहिल्याच फेरीत गारद झालेल्या संघाच्या रांगेत शिकागोला उभं करायचं, कारण काय, तर दोघांचेही शून्य पराभव? तक्ता हेच करतो.

बरोबरीचा मुद्दा. इथे दावा करणारे एक साधी गोष्ट विसरतात, की 2022 मध्ये नियमच बदलला. त्याआधी 90 मिनिटांत निकाल लागला नाही, तर साखळी सामन्यातही दहा-दहा मिनिटांचे दोन जादा भाग खेळले जायचे आणि पहिला गोल झाला की सामना तिथल्या तिथे संपायचा. अंतिम सामन्यालाही तोच नियम. 2016 मध्ये टफ्ट्सने कॅल्व्हिनला 1-0 असं हरवून विजेतेपद घेतलं ते दुसऱ्या जादा भागातल्या गोलवर. 2022 पासून साखळी सामना 90 मिनिटांनंतर बरोबरीत असेल तर तसाच सोडला जातो. बाद फेरीत जादा वेळ अजून आहे, पण आता दोन्ही भाग पूर्ण खेळतात. म्हणजे 2019 चा एखादा 1-0 विजय 2022 नंतर 0-0 म्हणून नोंदला गेला असता, आणि जुना एखादा 0-1 पराभवसुद्धा. 2022 नंतरच्या संघाच्या बरोबऱ्या मोजून त्याला टफ्ट्स किंवा मसायाच्या जुन्या संघांपेक्षा मवाळ ठरवणं, किंवा नंतरच्या संघाचे शून्य पराभव जुन्यांच्या एक-दोन पराभवांपेक्षा भारी ठरवणं, दोन्ही चूकच. जुन्या नियमात पराभव पदरी पडायला वीस मिनिटं जास्त होती.

याहून एक बारीक गोष्ट आहे. पेनल्टी शूटआउटवर निकाल लागलेला सामना एनसीएएच्या नोंदीत बरोबरी म्हणूनच राहतो. 2021 चा अंतिम सामना कनेक्टिकट कॉलेजने अ‍ॅमहर्स्टविरुद्ध शूटआउटवर जिंकला. त्या कॉलेजचं कुठल्याही खेळातलं ते पहिलं एनसीएए विजेतेपद. पण नोंदवहीत त्या दिवशी दोघांच्याही नावापुढे बरोबरीच पडली. अ‍ॅमहर्स्टने चषक गमावला, सामना गमावला नाही. मग ही बरोबरी दुबळेपणाची खूण म्हणायची की राष्ट्रीय विजेत्याला 110 मिनिटं रोखून धरल्याची? तक्त्यात ते कुठेच दिसत नाही, त्यासाठी सामन्यापर्यंत जावं लागतं.

सामने कमी खेळतात, हे बरोबर आहे. नेस्कॅक आपल्या संघांना नियमित हंगामात 15 च सामने खेळू देते, आणि त्यांचा हंगामही इतरांपेक्षा थोडा उशिरा सुरू होतो. त्या 15 मधले 10 लीगमधल्याच संघांशी. ही सवलत आहे असं म्हणणाऱ्यांनी ते पंधरा सामने बघावेत. इतर ठिकाणी सप्टेंबरात चार-पाच हलके सामने घेऊन नवीन मुलं तयार करता येतात, जखमी खेळाडूला सावकाश परत आणता येतं. इथे ती उसंतच नाही. टफ्ट्स, अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स, मिडलबरी, कनेक्टिकट, बोडन, वेस्लियन, हॅमिल्टन असे प्रतिस्पर्धी एकामागून एक येतात. अकरापैकी पहिले आठ लीगच्या बाद फेरीत जातात, तिथे पुन्हा तेच चेहरे. विजयांची संख्या फुगवायला जागाच उरत नाही. पाय ताजे राहतात हे मान्य करू, पण त्याची किंमत तक्त्यात मोजावी लागते, आणि नेमका तोच तक्ता दाखवून त्यांना कमी लेखलं जातं.

पैशाबद्दल फार बोलायचं नाही. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही, हा या विभागाचा पायाच आहे. विल्यम्स आणि अ‍ॅमहर्स्टकडे अफाट निधी आहे, घरची परिस्थिती बघून ते सढळ मदत करतात, आणि त्यांच्या नावाची ओढ खेळाडू मुलांनाही असते. याचा फायदा होतो, नक्की होतो. पण मग शिकागो, एमरी आणि वॉशिंग्टन विद्यापीठ काय गरीब आहेत? हा मुद्दा लावायचा तर दोन्ही बाजूंना लावा.

मसायाबद्दल मात्र मला थांबून बोलायचं आहे, कारण त्या संघाबद्दल मला नितांत आदर आहे. पेनसिल्व्हेनियातल्या या ख्रिस्ती कॉलेजने 2000 ते 2017 या 18 हंगामांत 11 विजेतेपदं घेतली: 2000, 2002, 2004, 2005, 2006, 2008, 2009, 2010, 2012, 2013 आणि 2017. त्यातली सहा डेव्ह ब्रँट यांच्या हाताखाली. ते गेले आणि ब्रॅड मॅकार्टी आले, तरी पुढच्याच वर्षी चषक पुन्हा तिथेच. प्रशिक्षक बदलल्यावर भलेभले संघ ढेपाळतात, इथे काही हललंच नाही. कार्यक्रम म्हणून, परंपरा म्हणून मसायाच्या जवळपास कोणी नाही. पण 11 विजेतेपदं हा 18 वर्षांचा हिशेब आहे, कुठल्याही एका वर्षाच्या संघाचा नव्हे. एका हंगामानंतर दोन संघांची तुलना करताना ही संख्या मध्ये आणली, की गेल्या पिढीतल्या मुलांचे गोल आजच्या मुलांच्या खात्यात जमा होतात.

शिवाय विजेतेपदं मोजताना मैदानात कोण होतं हेही बघावं लागतं. 1980 च्या दशकात नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या ग्रीन्सबरो शाखेने पाच विजेतेपदं घेतली आणि मग तो संघ वरच्या विभागात निघून गेला. नेस्कॅकने तर आपल्या संघांना 1990 च्या दशकापर्यंत एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरूच दिलं नव्हतं. दार उघडल्यावर थोड्याच वर्षांत, 1995 मध्ये, विल्यम्सने ती जिंकली. त्याआधीच्या यादीत नेस्कॅकचं नाव नाही, ते हरले म्हणून नव्हे.

आता शेवटचा मुद्दा, बाहेरच्यांशी गाठ पडली की हरतात हा. 2022 आणि 2023 ही दोन वर्षं निवडली तर तसं दिसतं. शिकागोने विल्यम्सला 2-0 हरवलं, सेंट ओलाफने अ‍ॅमहर्स्टला 2-1. पण थोडं मागे जा. 2014 ते 2023 या काळात, 2020 ची कोविडमुळे रद्द झालेली स्पर्धा सोडून, नऊ अंतिम सामने झाले. नऊपैकी आठांत नेस्कॅकचा किमान एक संघ होता. अपवाद फक्त 2017 चा, मसाया विरुद्ध नॉर्थ पार्क. त्या आठांपैकी सहा चषक नेस्कॅककडे गेले: टफ्ट्स 2014, 2016, 2018 आणि 2019 मध्ये, अ‍ॅमहर्स्ट 2015 मध्ये, कनेक्टिकट 2021 मध्ये. 2019 आणि 2021 मध्ये तर समोरासमोर दोन्ही संघ नेस्कॅकचेच. अंतिम सामना हरायला आधी तिथवर पोचावं लागतं, आणि तिथे पोचेपर्यंत बाहेरच्या लीगचे बरेच संघ वाटेत बाद केलेले असतात. सुरुवातीच्या दोन्ही आठवड्यांत तर दोन-दोन सामने लागोपाठच्या दिवशी. विल्यम्सचा शेवटचा एक सामना मोजायचा आणि त्याआधीची वाट सोडून द्यायची, याला तुलना म्हणत नाहीत.

एका सामन्याला किती भाव द्यायचा याचाही हिशेब करून बघा. एखादा संघ इतका वरचढ आहे की समोर कोणीही आलं तरी दहापैकी आठ वेळा तोच पुढे जाईल. फुटबॉलमध्ये हे फार झालं, कारण इथे एक कोपऱ्यातून आलेला चेंडू आणि एक घसरलेला बचावपटू निकाल फिरवतो. अशा संघालाही सहा फेऱ्या ओलांडून चषक मिळण्याची शक्यता साधारण 26 टक्केच. चार वर्षांतून एकदा. उरलेल्या तीन वर्षांत चषक दुसऱ्या कोणाकडे असेल, आणि तो संघ विजेता म्हणून पूर्ण मानाला पात्र असेल. पण तोच त्या वर्षीचा सर्वांत बलाढ्य संघ, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

नेस्कॅकच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही इथे एक अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. लीगबाहेरचे त्यांचे पाच सामने, आणि तेही बहुतेक जवळपासच्या कॉलेजांशी. मिनेसोटा, ओहायो किंवा टेक्सासमधल्या संघांशी त्यांचा संबंध येतो तो नोव्हेंबरात. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दोन प्रदेशांची तुलना करणारं कोणतंही गणित थोड्याशा धाग्यांवर लोंबकळत असतं. निवडीसाठी 2024 पासून वापरात आलेला एनपीआय हा निर्देशांक तक्त्यापेक्षा कितीतरी शहाणा आहे. प्रत्येक निकालाला समोरच्या संघाच्या ताकदीनुसार वजन मिळतं, आणि दुबळ्या संघाला हरवल्याने गुणांक खाली येत असेल तर एका मर्यादेपलीकडे तो विजय बाजूला ठेवता येतो. पण धागेच कमी असतील तर तोही चाचपडतो. म्हणून मी हंगामानंतर तुलना करताना आधी नोव्हेंबरातले परप्रांतीय सामने घेतो, मग लीगबाहेरचे सप्टेंबरमधले, मग लीगमधले. विजय-पराभवाची बेरीज सगळ्यात शेवटी.

या क्रमाने 2022 कडे पाहिलं, तर त्या वर्षी शिकागो सर्वांत वर होतं हे मी बिनशर्त मान्य करतो. त्यांचे सात लीग सामने आणि शेवटच्या दिवशी विल्यम्सवरचा 2-0 विजय एवढं त्यासाठी पुरे आहे. आजवरचा सर्वोत्तम संघ ही पुढची पायरी मात्र 22-0-1 वर उभी राहत नाही. सहा हंगामांत चार चषक नेणारा टफ्ट्स आणि 2004 ते 2006 असे सलग तीन नेणारा मसाया जुन्या जादा वेळेच्या नियमात खेळले. त्यांच्याशी तुलना करायची असेल तर आधी त्यांचं वेळापत्रक शिकागोच्या शेजारी मांडा, प्रतिस्पर्धी एकेक करून तपासा, मग बोलू.