हजार हातांचा राजा आणि आमची चादर

आमच्या घरात वस्तू हरवली की ती कोणी शोधत बसत नाही, आत्याला सांगतात. मग ती पदराला गाठ मारते, 'कार्तवीर्यार्जुनो नाम राजा बाहुसहस्रवान्' असा जप सुरू करते आणि वस्तू मिळेपर्यंत ती गाठ सोडत नाही. दत्तात्रेयांच्या वराने हजार हात लाभलेल्या या राजाच्या नुसत्या स्मरणाने हरवलेले परत मिळते, असे त्या श्लोकातच म्हटले आहे. हजार हात असलेल्या माणसाला, कोणत्या हाताने काय कुठे ठेवले हे शोधण्याचा दांडगा सराव असणार, एवढे मलाही पटते.

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही सोलापुराहून आंबा घाटाने गणपतीपुळ्याला गेलो. गुडघ्यांमुळे आत्या घरीच राहिली, मात्र कडक भाकरींची चवड, शेंगाचटणीचा स्टीलचा डबा आणि मोरांच्या नक्षीची आपली जाडजूड सोलापुरी चादर तिने सोबत दिली. डबा रिकामा आणला तरी चालेल, चादर मात्र तशीच्या तशी परत हवी, अशी ताकीदही दिली.

दुपारी आम्ही ती चादर वाळूत अंथरली, चार कोपऱ्यांवर चार जोड चपला आणि मधोमध चटणीचा डबा ठेवला, आणि दर्शनाच्या रांगेत उभे राहिलो. त्या दिवशी संकष्टी असल्याने रांग भलतीच लांब होती. तीनच्या सुमारास परत आलो, तेव्हा चादर, डबा आणि चपला यांपैकी काहीच जागेवर नव्हते. ती जागाही नव्हती. जन्मभर सिद्धेश्वर तलाव पाहिलेल्या माणसाला, पाणी बसल्या जागेवरून उठून आपल्याकडे चालत येईल, अशी शंकादेखील येत नाही.

तापलेल्या वाळूवर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत मी आत्याला फोन लावला. तिने तिकडे गाठ मारली आणि लगोलग जबान्या घ्यायला सुरुवात केली.

"शेवटी चादरीवर कोण बसलं होतं?"

"मी."

"मग तूच की बे!"

त्यानंतर तिने माझ्या मेहुण्याला फोनवर बोलावून, तो दुपारी किती भाकरी जेवला हे विचारले. या प्रश्नाचा तपासाशी असलेला संबंध मला अजून कळलेला नाही. मेहुण्याला तो लगेच कळला आणि संध्याकाळपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

हा प्रकार ऐकणाऱ्या शहाळेवाल्या काकांनी कोयता खाली ठेवून आमचे अज्ञान दूर केले. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. आज चतुर्थी, चाराची पाऊणपट तीन. तिथून सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. "नऊनंतर या," ते शांतपणे म्हणाले. "भिजलेली चादर जड असते, लांब जायची नाही."

रात्री नऊला आम्ही अनवाणी किनाऱ्यावर उभे होतो. सोलापुरात आत्या गच्चीवर चंद्रोदयाची वाट पाहत होती आणि फोन चालूच होता. डोंगरामागून चंद्र वर आला, तिकडे तिने अर्घ्य दिले, आणि इकडे ओल्या वाळूत एका मोराची मान दिसली. उरलेला मोर आम्ही चौघांनी हातांनी उकरून काढला. चादर वाळूने इतकी भरली होती की ती उचलताना दत्तात्रेयांकडे निदान दोन जादा हात मागावेसे वाटले. घडीत डबा होता आणि झाकण घट्ट असल्याने चटणीही कोरडी होती. चपला मात्र एकाच पायाच्या तीन मिळाल्या.

"सापडली!" मी ओरडलो.

"मग, गाठ मारली होती ना!" असे म्हणून आत्याने गाठ सोडली आणि ती जेवायला बसली.

शहाळेवाल्या काकांचे गणित मी तिला घरी आल्यावर सांगितले, हीच माझी चूक झाली. परवा शेजारच्या काकूंची चांदीची वाटी हरवली, तेव्हा आत्याने गाठ मारण्याआधी कॅलेंडर पाहिले, षष्ठीची पाऊणपट केली आणि "साडेचारला मिळेल" असे सांगून टाकले. वाटी चार वाजून चाळीस मिनिटांनी पिठाच्या डब्यात सापडली. सोलापूर समुद्रापासून लांब असल्यामुळे दहा मिनिटे उशीर झाला, असे आत्याचे म्हणणे आहे.