घड्याळातला आकडा आणि होल्टरचा आकडा

एचआरव्ही म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतं, त्याचं माप. ‘एचआरव्ही कमी म्हणजे आयुष्य कमी’ असं एका लेखात सरसकट म्हटलंय. ते वाचून घाबरलेल्यांसाठी लिहितोय. १९८७ साली क्लायगर आणि सहकाऱ्यांनी हार्ट अटॅकमधून वाचलेल्या ८०८ रुग्णांचा अभ्यास छापला. २४ तासांच्या होल्टरवर (अंगावर लावून ठेवायचं ईसीजी यंत्र) ज्यांचा एसडीएनएन (ठोक्यांमधली अंतरं सरासरीभोवती किती पसरलीत ते सांगणारं एचआरव्हीचं एक माप) ५० मिलिसेकंदांच्या खाली होता, त्यांच्या मृत्यूचा धोका १०० च्या वर असणाऱ्यांपेक्षा ५.३ पट निघाला. पण हे गणित अटॅक येऊन गेलेल्यांचं, तेही दिवसरात्रीच्या नोंदीवरचं. मनगटावरची बरीच घड्याळं झोपेतल्या नोंदीवरून आरएमएसएसडी (लागोपाठच्या अंतरांमधल्या फरकावरून काढलेलं माप) काढतात. ते मापच वेगळं, त्याला हा ५० चा निकष कृपया लावू नका. आणि उलटही होतं: एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरण्याचा विकार) ठोके इतके वेडेवाकडे पडतात की आकडा उगाच फुगतो. तो बघून निर्धास्त राहू नका, ईसीजी काढून घ्या.