यंदाची पॉइंट गार्ड कोण?

ऑक्टोबर महिना जवळ आला की माझ्या पोटात गोळा येतो. स्पेनमधल्या सालामांका गावात राहणाऱ्या माणसाने ऑक्टोबरची धास्ती घ्यावी असे वास्तविक काहीच नाही. हवा सुखद असते, १२१८ साली स्थापन झालेल्या इथल्या विद्यापीठात विद्यार्थी परतलेले असतात, आणि माझी पत्नी त्याच विद्यापीठात संशोधन करत असल्यामुळे दिवसभर घरात शांतता असते. परंतु याच सुमारास महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा हंगाम सुरू होतो, आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आमच्या घरमालकीणबाई जिन्यात, लिफ्टमध्ये, कचऱ्याच्या डब्यापाशी, जिथे सापडेन तिथे मला गाठून माझी तोंडी परीक्षा घेऊ लागतात. यंदाची पॉइंट गार्ड, म्हणजे मैदानावर संघाचा खेळ रचणारी, कोण? ती कुठून आली? डावखुरी कोणती? मागच्या वर्षी याच प्रश्नांची उत्तरे मी मोठ्या कष्टाने तोंडपाठ केलेली असतात. पण तो अभ्यास यंदा उपयोगी पडत नाही, कारण मागच्या वर्षीच्या मुली आता इथे नसतात.

बाईंनी पंचाहत्तरी ओलांडलेली आहे. आमच्या गावाचा संघ पर्फ्युमेरियास अवेनिदा हा असून त्याचे घरचे सामने व्युर्त्सबुर्ग या, सालामांकाच्या जर्मन भगिनीशहराचे नाव लावणाऱ्या सभागृहात होतात. तिथे बाईंच्या शेजारची खुर्ची पूर्वी त्यांच्या यजमानांची होती. ते गेल्यावर ती खुर्ची कुणा परक्या, कदाचित बास्केटबॉल न कळणाऱ्या माणसाच्या वाट्याला जाईल, या भीतीने त्यांनी तिचा हंगामी पास मला घ्यायला लावला. मलाही बास्केटबॉल कळत नव्हता. पण मी निदान ओळखीचा होतो, आणि भाडे वेळेवर देत होतो.

या लीगचे गणित तसे सोपे आहे. सोळा संघ, प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा त्याच्या दारी, म्हणजे तीस फेऱ्या. पहिल्या आठांना बाद फेरी, शेवटच्या दोघांना खालच्या लीगचा रस्ता. मधल्या काळात राणीच्या चषकाची स्पर्धा, आणि वरच्या संघांना आठवड्याच्या मधल्या दिवशी युरोपातले सामने. गोंधळ नावांपासून सुरू होतो. पर्फ्युमेरियास अवेनिदा ही अत्तरे आणि सौंदर्यप्रसाधने विकणाऱ्या दुकानांची साखळी आहे. पिरेनीज पर्वतातल्या ला सेउ द'उर्जेल या चिमुकल्या गावाचा संघ काडी या चीज बनवणाऱ्या दूध उत्पादक सहकारी संस्थेचे नाव लावतो. झारागोझाचा संघ पूर्वी मोटारींच्या फिल्टरच्या नावाने खेळत असे, आता सॉसेजच्या कंपनीच्या नावाने खेळतो, आणि जिरोनाच्या संघावर एके काळी लिफ्टच्या कंपनीचे नाव होते. खुद्द लीगलाही पूर्वी सुपरमार्केटचे नाव होते आणि हल्ली वीज कंपनीचे आहे. ‘आज अत्तराने चीजला वीस गुणांनी हरवले’ हे वाक्य मी पुण्याला फोनवर गंभीरपणे उच्चारलेले आहे, आणि त्यानंतर पलीकडे जी शांतता पसरली ती माझ्या अजून लक्षात आहे. तरीही पाटी बदलली म्हणून गाव बदलत नाही, त्यामुळे संघांची नावे एकदा अंगवळणी पडतात. माझे घोडे पेंड खाते ते खेळाडूंच्या नावांपाशी.

आपल्याकडे घर भाड्याने देताना अकरा महिन्यांचा करार करतात. या लीगमधल्या बहुतेक खेळाडूंचे संघाशी असलेले नाते तसेच आहे. मुलगी सप्टेंबरच्या आधी येते, गावातल्या कुठल्याशा फ्लॅटमध्ये राहते, ‘शुभ प्रभात’ आणि ‘अजून थोडे हामोन’ (म्हणजे डुकराचे खारवलेले मांस) एवढे स्पॅनिश शिकते, आपल्या ओळखीची होते, आपल्याला तिच्या फ्री थ्रोची काळजी वाटू लागते, आणि मे महिन्यात ती सामान बांधते. यातला विनोद असा की इथल्या २०१९ नंतरच्या भाडेकायद्यानुसार, घरमालक खाजगी व्यक्ती असेल तर, भाडेकरूला हवे असल्यास करार पाच वर्षांपर्यंत वाढवून द्यावा लागतो. म्हणजे चेंडू नीट पकडताही न येणाऱ्या मला या गावात पाच वर्षांचे अभय आहे, आणि जिच्या नावाचा तीन हजार माणसे एका सुरात घोष करतात त्या मुलीला पुढच्या दिवाळीत आपण कोणत्या देशात असू हे माहीत नसते. आयपीएलमध्ये निदान लिलाव तरी सर्वांसमक्ष होतो. इथे जूनमधल्या एखाद्या दुपारी क्लब तिचा हसरा फोटो टाकून आभार मानतो, आणि झाले.

बाईंचा या प्रकारावरचा राग जुना असून त्याला तारीख आहे. २०११ च्या एप्रिलमध्ये अवेनिदाने रशियातल्या येकातेरिनबुर्ग शहरात युरोलीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचा, अंतिम सामना जिंकला, तोही सलग चार वर्षे विजेता राहिलेल्या मॉस्को प्रांतातल्या स्पार्ताकला हरवून. त्या अंतिम फेरीत सर्वोत्तम ठरलेली अल्बा तोरेन्स तेव्हा एकवीस वर्षांची होती, आणि बाईंच्या मते ती ‘आपली’ होती. उन्हाळ्यात ती इस्तंबूलच्या गालातासारायला गेली, आणि तिथून पुढे रशियाला. बाईंनी तेही सोसले, कारण परदेशी जाणाऱ्या मुलीला अडवू नये एवढी समज त्यांना आहे. पण बऱ्याच वर्षांनी अल्बा स्पेनमध्ये परतली ती व्हॅलेन्सियाच्या संघात, आणि २०२३ साली व्हॅलेन्सियाने आपले पहिले लीग विजेतेपद मिळवले तेव्हा ती त्या संघात होती. हा घाव बाईंच्या वर्मी लागला आहे. त्या विषयावर त्या बोलत नाहीत, म्हणजे दर रविवारी बोलत नाहीत.

याउलट सिल्विया डोमिंगेझबद्दल त्यांच्या मनात संपूर्ण क्षमा आहे. तीही २०११ च्या विजयानंतर गेली. २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षे तिने तीन निरनिराळ्या संघांकडून युरोलीग जिंकली, यावरून या व्यवसायात माणसे किती फिरतात याची कल्पना यावी. पण ती परत आली, निळ्या जर्सीत हंगामामागून हंगाम खेळली, कर्णधार झाली. बाईंच्या हिशेबी जो परत येतो तो गेलेलाच नसतो. माझ्या परीक्षेत सिल्वियावरचा प्रश्न हा हमखास गुण मिळवून देणारा होता. तिने निवृत्ती घेतली तेव्हा मला जे दुःख झाले ते क्रीडाप्रेमी म्हणून कमी आणि परीक्षार्थी म्हणून जास्त होते.

हंगाम सुरू झाला की नावे पाठ करण्याचे काम अंगावर येते. एक सर्बियन, एक हंगेरियन, दोन अमेरिकन, एक बेल्जियन, आणि स्पॅनिश मुली वेगळ्या. अमुक इतक्या खेळाडू स्थानिक क्रीडाव्यवस्थेत घडलेल्या असाव्यात असा इथे नियम असल्यामुळे स्पॅनिश मुलींना मागणी मोठी असते, आणि म्हणून त्यांच्याही बदल्या जोरात चालतात. नाताळापर्यंत माझी बारा नावे पक्की होतात. मग कुणाचा तरी गुडघा दुखावतो, किंवा एखादीला दुसरीकडून चांगले आमंत्रण येते, आणि जानेवारीत एक अनोळखी मुलगी तात्पुरत्या करारावर येऊन दाखल होते.

अशीच एक मुलगी ला सेउविरुद्धच्या सामन्यात मैदानात उतरली. ती आदल्याच दिवशी विमानतळावरून आली असावी, कारण तिच्या जर्सीवर नाव छापायलाही वेळ मिळालेला नव्हता. पाठीवर फक्त क्रमांक, आणि नावाच्या जागी कोरे निळे कापड. बाई सूर्यफुलाच्या बिया खात होत्या. या बिया समोरच्या दोन दातांमध्ये उभ्या धरून, हात न लावता, जिभेने गर आत आणि टरफल बाहेर करण्याचे इथल्या प्रेक्षकांचे कसब थक्क करणारे आहे. बाई ते करता करता पंचांना उद्देशून बोलूही शकतात. त्या थांबल्या आणि त्यांनी मला विचारले, “ही कोण?” मी म्हणालो, “माहीत नाही.” त्यांनी मागच्या रांगेला विचारले, मागच्या रांगेने तिच्या मागच्या रांगेला विचारले, आणि उत्तर परत आले ते असे की कुणालाच माहीत नाही. तेवढ्यात त्या मुलीने चोवीस सेकंदांचे घड्याळ संपता संपता, बचाव करणारीच्या हातावरून, एक अशक्य चेंडू जाळ्यात टाकला. सगळे सभागृह उभे राहिले आणि नाव घेऊन ओरडण्याची वेळ आली तेव्हा क्षणभर नुसताच आवाज झाला. मग बाईंनीच मार्ग काढला. “शाब्बास, नवीन!” असे त्या ओरडल्या, आणि चौथ्या सत्रापर्यंत आमची अर्धी बाजू ‘नवीन, नवीन’ असा गजर करत होती. तिचे खरे नाव मी नंतर पाठ केले. ते पाठ होईपर्यंत तिचा करार संपला.

वसंत ऋतूत परिस्थिती अधिक बिकट होते. बाद फेरी एप्रिलच्या अखेरीस आणि मे महिन्यात येते, आणि नेमक्या त्याच दिवसांत अमेरिकेतल्या डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगचे सराव शिबिर सुरू होते. पूर्वी तिकडचे संघ थोडा उशीर चालवून घेत. पण २०२३ पासून त्यांनी दोन वर्षांहून अधिक अनुभव असलेल्या खेळाडूंना उशिराबद्दल दंड लावायला सुरुवात केली, आणि २०२४ पासून तर वेळेवर न पोहोचणारीला संपूर्ण हंगाम बाहेर बसवण्याचा नियम केला. त्यामुळे उपांत्य फेरीच्या मध्यंतरात बाई गुणफलकाऐवजी कॅलेंडरची चिंता करतात. आमची उंच सेंटर खेळाडू बाकावर जरा अस्वस्थ दिसली तरी त्यांना वाटते की तिची टॅक्सी बाहेर उभी आहे.

माझी आई हे सामने पुण्याहून माझ्या फोनच्या कॅमेऱ्यातून अधूनमधून पाहते. स्पेन हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असल्यामुळे संध्याकाळचा सामना तिच्या झोपेच्या वेळेत येतो, पण तिची हरकत नसते. एका ऑक्टोबरात तिने विचारले, “ती हसरी मुलगी दिसत नाही रे, उजव्या गुडघ्याला पट्टा बांधणारी?”

“ती हंगेरीला गेली, आई. शोप्रोनला.”

“अगं बाई! तिकडे काय करते?”

“हेच.”

आईला हे पटले नाही. हेच करायचे होते तर इथे काय वाईट होते, असे तिचे म्हणणे होते, आणि मी ते बाईंना स्पॅनिशमध्ये सांगितल्यापासून त्या दोघी एकमेकींना न भेटता जिवलग झाल्या आहेत.

आमच्या मुलीने मात्र या अस्थिरतेवर तोडगा काढला. तिच्या कपाटात ज्या जर्सी आहेत त्यांच्यावरील खेळाडूंपैकी एक इटलीत, एक तुर्कस्तानात आणि एक निवृत्त होऊन मुलांना शिकवते आहे. त्यामुळे यंदा तिने दुकानदाराला स्वतःचेच आडनाव छापायला सांगितले. ‘कुलकर्णी’ ही चार अक्षरे रोमन लिपीत आठ होत असल्याने ती एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत पसरली आहेत, आणि सभागृहातले अनोळखी लोक तिच्या पाठीकडे पाहून ही नवीन खेळाडू नक्की कोणत्या देशातून आली असावी याची हलक्या आवाजात चर्चा करतात.

बाईंची समजूत घालण्यासाठी मी एकदा व्हॅलेन्सियाच्याच रोस कासारेसची गोष्ट काढली. पोलादाच्या कंपनीच्या पैशावर उभ्या राहिलेल्या या संघाने २०१२ साली युरोलीग जिंकली, आणि त्याच उन्हाळ्यात मालकांनी तो लीगमधून काढून घेतला. तिथे खेळाडू गेल्या नाहीत, अख्खा संघच गेला. आपला संघ तर १९८८ पासून जागेवर आहे, असे मी म्हणालो. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “संघाचे मी काय करू? संघाला चेहरा असतो का?” त्यावर मला काही सुचले नाही.

यंदा नोव्हेंबरात मागच्या वर्षीची आमची शूटिंग गार्ड प्रतिस्पर्धी संघाच्या जर्सीत व्युर्त्सबुर्गला आली. गेल्या मे महिन्यात हिच्या निरोपाची बातमी वाचून बाईंनी दोन दिवस बाल्कनीतल्या झाडांना पाणी घातले नव्हते. खेळाडूंची ओळख करून देताना तिचे नाव आले तसे सगळे सभागृह उभे राहिले, आणि बाईंनीही बियांची पिशवी माझ्या हातात देऊन पुष्कळ वेळ टाळ्या वाजवल्या. मग त्या खाली बसल्या, पिशवी परत घेतली, आणि खेळाच्या चाळीस मिनिटांत त्या मुलीच्या हातात जेव्हा जेव्हा चेंडू आला तेव्हा तेव्हा दोन बोटे तोंडात घालून त्यांनी अशी शिट्टी मारली की पंचानेही एकदा वळून पाहिले. मी दचकून त्यांच्याकडे बघितले. टाळ्या मागच्या वर्षाच्या होत्या, शिट्ट्या यंदाच्या आहेत, असा हिशेब त्या मला समजावून सांगत होत्या, तेवढ्यात त्या मुलीने कोपऱ्यातून, दोन बचावपटू अंगावर असताना, आमच्याविरुद्ध तीन गुण टाकले.

“बघ,” बाई माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, “इथे होती तेव्हाही असाच टाकायची.”