युद्धपट पाहण्यापूर्वी पत्रिका जुळवून घ्या

टीव्हीवर जुना युद्धपट लागला की सोफ्यावर पसरण्याआधी कागद-पेन घ्या. पहिल्या तासात कोणाचं लग्न ठरलंय, कोणाचं नुकतंच झालंय, कोणाची हळद अजून उतरायचीय, याची यादी करा. यादी झाली की निवांत बसा, कारण शेवटच्या अर्ध्या तासात हुतात्मा कोण होणार हे तुम्हाला कळून चुकलेलं असतं. शत्रूच्या तोफेला एक वेळ नेम चुकण्याची मुभा आहे, पटकथेला नाही.

शंका असेल तर १९९७चा ‘बॉर्डर’ पुन्हा लावा. मधुचंद्राच्या रात्री बोलावणं आलेला भैरोसिंग जातो. गावाकडे प्रेयसी डोळे लावून बसलेली असताना धरमवीर जातो. घरच्या काळजीने रजेसाठी जीव टाकणारा मथुरादासही जातो. तेव्हा तुमचं पात्र युद्धपटात असेल आणि पहिल्याच गाण्यात कोणी ओढणी उडवत शेतातून धावत आली, तर लगेच त्र्यंबकेश्वर गाठा आणि शांत करून घ्या. गुरुजींना स्वच्छ सांगा, पितृदोष नाही, प्रेमगीताचा दोष आहे.

प्रत्यक्षात काय घडलं, हे मात्र सिनेमाआधी वाचायला जाऊ नका. रडण्याचा विचका होतो. ‘बॉर्डर’ ज्या लढाईवर आहे ती अशी: ४ डिसेंबर १९७१च्या रात्री राजस्थानातल्या लोंगेवालाच्या चौकीवर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि २३ पंजाब बटालियनचे सुमारे १२० जवान होते आणि समोर पाकिस्तानी रणगाड्यांचा ताफा. जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री लढता येत नव्हतं, म्हणजे उजाडेपर्यंत कसंही करून तग धरायचा होता. आपले दोन जवान हुतात्मा झाले. शंभर-सव्वाशे माणसांनी रणगाड्यांसमोर रात्र काढून दोन सोडून सगळे सकाळी उभे होते, यापेक्षा मोठा चमत्कार कुठला पटकथाकार लिहील? पण चमत्काराने हुंदका येत नाही. म्हणून पडद्यावर आकडा वाढवावा लागतो, आणि तो वाढवायला लग्नाळू मुलं लागतात.

त्यातही खऱ्या भैरोसिंग राठोड यांचं वागणं फारच गैरसोयीचं. सीमा सुरक्षा दलाचा हा माणूस लोंगेवालाला लढला, सेना पदक मिळवलं आणि चक्क जिवंत परतला. १९९७ मध्ये देशभरातल्या थिएटरांत रोज तीन-चार खेळांत त्यांना वीरमरण येत होतं आणि हे राजस्थानात धडधाकट होते. डिसेंबर २०२२ मध्ये जोधपूरला त्यांचं निधन झालं, म्हणजे पडद्यावरच्या मरणानंतर पुरी पंचवीस वर्षं जगून. प्रेक्षकांच्या भावनांची थोडी तरी कदर करायला नको?

नाशिककरांना आणखी एक पथ्य पाळावं लागतं. आपल्याकडे देवळालीला तोफखान्याचं स्कूल, नाशिकरोडला तोफखाना केंद्र. त्यामुळे प्रत्येक सोसायटीत एखादे निवृत्त तोपची काका निघतातच. त्यांना सिनेमाला बोलावू नका. चौकीवरचे सगळे जवान घरच्या आठवणीने गायला लागले आणि तुमचा घसा दाटून आला, की हे विचारणार, “सगळेच गातायत, मग संतरी ड्यूटीवर कोण आहे?” लोंगेवालाला काटेरी तार पसरलेली होती, ती दिसताच पुढे सुरुंग असणार असं समजून पाकिस्तानी रणगाडे अडून बसले आणि बराच वेळ गेला, हे ते तुम्हाला नायक-नायिकेच्या ऐन निरोपाच्या वेळी सांगणार. दीडदमडीच्या तारेने केवढं काम केलं, यावर ते अर्धा तास बोलू शकतात. तुम्ही रिमोटने आवाज वाढवा. तारेवर गाणं होत नाही.

काकूंना तर मुळीच बोलावू नका. सिनेमात वाट पाहण्याचं खातं बायकांकडे असतं. नवरा निघाला की ती उंबरठ्यावर उभी राहते आणि पिक्चर संपेपर्यंत तिथून हलत नाही. काकू विचारणार, मग पोरांचा शाळाप्रवेश कोण करतं? सासूबाईंच्या गुडघ्याला डॉक्टरकडे कोण नेतं? त्यांनी स्वतः जन्मभर ‘५६ एपीओ’ या लष्करी टपालाच्या पत्त्यावर जी अंतर्देशीय पत्रं पाठवली, त्यांत म्हणे निम्मा मजकूर घरभाड्याचा, उरलेला धाकट्याच्या गणिताचा आणि घडीवर डिंक लावायची जागा सोडून उरलेल्या कोपऱ्यात ‘तब्येत सांभाळा’. अशा पत्राला चाल लावायला कोणता संगीतकार धजावेल? आणि त्या रात्री उजाडायची खरी वाट बघत होते ते रायफल धरून बसलेले जवान, हे काकूंच्या लगेच लक्षात येतं. त्यांना उगाच शहाणपण सुचतं.

(आपल्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांनी युद्धपट काढला असता तर हा सगळा घोळ परस्पर मिटला असता. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये त्यांना बाई मिळेना, तारामती झाले अण्णा साळुंके. त्या हिशोबाने सीमेवरचा जवान आणि गावाकडे झुरणारी त्याची वाग्दत्ता, दोघंही एकाच बराकीतून उचलता आले असते. शिवाय दोघांना रजा एकदम.)

मध्यंतरात मिसळ मागवा, पण तर्री बेताची सांगा. नंतर डोळ्यांतून पाणी आलं तर ते देशासाठी आलं की रश्श्यामुळे, हे घरच्यांना कळायला हवं.

आणि चांगल्यातल्या चांगल्या प्रसंगाला दारावरची बेल वाजेल. काका मोबाइल घेऊन उभे असतील. पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायचाय, ॲपमध्ये चेहरा नीट येत नाही, जरा बघतोस का, म्हणतील. त्यांना नम्रपणे सांगा, “काका, पाच मिनिटं थांबा. साखरपुडा झालेला एक जवान अजून जिवंत आहे. तेवढा गेला की येतोच.”